थेंब पसरला नव्हता

भास्कर, तू वहीत खोटं लिहिलंस.

पान बत्तीस, खालून चौथी ओळ. अक्षर तुझं आहे. ‘उरलेले स्क्रू तपासले. थेंब पसरला. दोष धातूच्या खरखरीत पृष्ठभागाचा.’ ही ओळ मी दोन वर्षं खरी मानली. तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि या दिवसांत तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. देवमाणूस म्हणाले, जंगलाचा आधार म्हणाले. चांद्याला शोकसभा झाली, तिथे एका वक्त्याने सांगितलं की डॉक्टरांनी आयुष्यात कोणाला फसवलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि वही माझ्या पिशवीत होती. तू मला फसवलंस, तेही आपल्या दोघांच्या वहीत, हे तिथेच उठून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हणून इथे लिहितो.

वाचणाऱ्यांना आधीचं माहीत नाही, तेव्हा थोडं मागून सांगावं लागेल. तुला माहीत असलेलंच पुन्हा ऐकावं लागलं तर ऐक. मीही दोन वर्षं तुझं ऐकत होतो.

मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत मोजणीदार. सागाच्या लठ्ठ्याचा घेर आणि लांबी मोजायची, हातोड्याने शिक्का मारायचा, रजिस्टरात चढवायचं, हेच काम एकोणीस वर्षं. तू आणि मी चांद्याच्या शाळेत एका बाकावरचे. पुढे तू डॉक्टर झालास, विलायतेला जाऊन आलास, आणि मोठ्या शहरात बस्तान मांडायचं सोडून आलापल्लीच्या पुढे जंगलात दहा खाटांचा दवाखाना काढलास. एके दिवशी पत्र्याचा डबा घेऊन डेपोत आलास. आत करड्या धातूचे तुकडे होते. मी एक उचलला आणि हात उगाच वर गेला. लोखंड समजून जोर लावला होता आणि तुकडा जवळजवळ निम्म्याच वजनाचा निघाला. टायटॅनियम, तू म्हणालास. तुझा एक मित्र तिकडे विमानाच्या कारखान्यात होता, त्याने कापून उरलेले तुकडे आणि थोडे स्क्रू पाठवले होते. मोडलेल्या हाडाला पोलादाची पट्टी बसवतात, ती कधी कधी आत गंजते आणि भोवतालचं मांस बिघडतं. हा धातू गंजत नाही. पण नुसता धातू चांगला असून भागत नाही, असं तुझं म्हणणं होतं. शरीराची गाठ धातूच्या पोटाशी पडत नाही, त्याच्या वरच्या कातडीशी पडते. ती कातडी कशी करायची, ते तुला शोधायचं होतं.

मग यात मी काय करू, असं मी विचारलं.

“तू मोज,” तू म्हणालास. “मले जे पाह्यजे ते दिसते. तुले जे हाय तेच दिसते. म्हणून तू मोज.”

भास्कर, इतकी मोठी शाबासकी मला आजवर कोणी दिलेली नाही. आज राग येतो तो म्हणूनच जास्त येतो.

दर रविवारी मी सायकलने नऊ मैल यायचो. तुकडे तू चार तऱ्हांनी करायचास. एक काचकागदाने घासून आरशासारखा, दुसरा वाळूने खरखरीत, तिसरा तेजाबात बुडवलेला, चौथा स्टोव्हवर तापवलेला. तापताना तो आधी हळदीसारखा पिवळा व्हायचा, मग जांभळा, मग मोरपिशी निळा. निळा आला की तू चिमट्याने उचलायचास. मग आपल्या दोघांच्या बोटांना सुई. प्रत्येक तुकड्यावर एकेक थेंब रक्त टाकायचं, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने तुकडा तिरपा करायचा, आणि थेंब वाहतो की थिजला ते मी घड्याळ धरून लिहायचं. माझं रक्त दर खेपेस तुझ्याआधी थिजायचं. “तुह्या रक्तालेबी हिशेब बंद कराची घाई हाय,” तू म्हणालास, आणि आपल्या नर्स रखमाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला ट्रे वाजायला लागला.

गुळगुळीत तुकड्यावर रक्त उशिरा थिजायचं, खरखरीत तुकड्यावर लवकर. खरखरीत तेवढं वाईट, असा निष्कर्ष मी काढून टाकला होता. तू भिंतीकडे बोट केलंस. रखमाबाईंनी ती सकाळीच सारवली होती. मातीच्या भिंतीला सारवण धरतं, काचेला धरेल का, असं तू मला विचारलंस. रक्ताला गुळगुळीत लागतं आणि हाडाला खरखरीत. तेव्हा पट्टीची वरची बाजू घासलेली ठेवायची आणि हाडाकडची खडबडीत करायची, असं ठरलं. मग बकऱ्यांच्या कातडीखाली तुकडे ठेवून पाहिले. अकरा बकऱ्या. सहा आठवड्यांनी तुकडे काढले आणि भोवती जमलेल्या पापुद्र्याची जाडी मी मोजली. नऊ ठिकाणी तो पातळ, स्वच्छ, तुकड्याला नीट धरलेला. दोन ठिकाणी पू. त्या दोन तुकड्यांचं काय चुकलं ते तू तीन रविवार शोधत होतास आणि शेवटी सापडलं ते इतकं साधं होतं: धुण्यात कसर राहिली होती, वर बोटांचा घाम होता.

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला, ‘थेंब’. धुतलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो पसरून ओलसर डाग झाला तर धातू स्वच्छ. मण्यासारखा उभा राहिला तर वर काहीतरी तेलकट आहे आणि तो तुकडा कोणाच्या अंगात जाणार नाही. हा नियम तूच केलास. वैशाखात आपण माणसासाठी पहिली पट्टी तयार केली. पट्टी आणि आठ स्क्रू, सगळ्यांवर मी थेंब टाकला, सगळ्यांपुढे ‘पसरला’ लिहिलं आणि डबा बंद केला. ते लिहिलं तेव्हा खरं होतं.

आता माझं काय चुकलं ते लिहितो.

मृगाच्या आधी आमच्या भागात घराघरांत लोखंडाला तेल लागतं. विळा, कुऱ्हाड, पहार, वखराची पास, सगळ्याला टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. इथला पावसाळा असा की कोरडं पातं आठ दिवसांत तांबडं होतं. आमच्या घरी हे काम माझ्याकडे असतं आणि डेपोतल्या शिक्क्याच्या हातोड्यांचंही माझ्याकडेच. त्या ज्येष्ठातल्या एका रविवारी तू आजाऱ्यांना पाहायला बाहेर गेला होतास. रखमाबाई म्हणाल्या, बापूभाऊ, कपाटातल्या जुन्या कात्र्यांना हात फिरवून द्या. मी फिरवला. आणि त्याच फडक्याने डब्यातली पट्टी आणि स्क्रूही पुसून ठेवले, खरखरीत बाजूच्या खाचांत तेल जाईल असे दाबून. हा धातू गंजत नाही हे मला माहीत होतं. थेंबाचा नियमही माहीत होता. पण पावसाळ्यापुरती ठेवणीतली वस्तू तेलाशिवाय ठेवणं हे इथल्या हाताला जमतच नाही. डोक्याला विचारायच्या आत हाताने काम उरकलं होतं. वहीत मी ते लिहिलं नाही, कारण घर झाडलं हे कोणी लिहून ठेवत नाही.

श्रावणात कन्नाला आणलं. भामरागडकडचा माडिया माणूस, तिशीचा, लठ्ठे ओढणाऱ्या गाड्यांवर कामाला. उतारावर लठ्ठा घरंगळून त्याची डावी नडगी तिरकी मोडली होती. तू दोनदा हाड बसवून प्लास्टर घातलंस आणि दोन्ही वेळा ते आत सरकलं. नद्या भरलेल्या, चांद्याची वाट बंद. तू वही उघडलीस, माझा ‘पसरला’ वाचलास आणि पट्टी, सहा स्क्रू उकळायला टाकलेस. उकळल्यानंतर पुन्हा थेंब टाकायला हवा होता. तो तू टाकला नाहीस, कारण लिहिलेलं माझ्या हातचं होतं. कन्नाला आत नेताना त्याने माझ्याकडे पाहून म्हटलं, “मोजणीबाबू, माया पाय मोजून ठेव. मांगाहून कमी नको भरू.” खाटेजवळचे सगळे हसले. मीही हसलो.

तेराव्या दिवशी पू झाला. तू पट्टी काढलीस. मांसाने तिला कुठेच धरलं नव्हतं. जुन्या सारवणाचा पोपडा सुटतो तशी ती सुटून आली, असं तू मला ओसरीवर येऊन सांगितलंस. कन्ना वाचला. हाड वाकडं जुळलं आणि घोटा आखडला. बरा होऊन जाताना मी त्याचा पाय मोजला, सव्वा इंच कमी.

ती ओळ तू पट्टी काढली त्याच दिवशी लिहिलीस. आणि मित्राला पत्र टाकलंस की खरखरीत पृष्ठभाग माणसाच्या अंगाला मानवत नाही, मी हे काम थांबवतो. डबा कपाटाच्या मागे गेला.

त्यानंतर दोन वर्षं आपण भांडलो, आठवतं? मी वही घेऊन यायचो. नऊ बकऱ्यांचे आकडे पुढे ठेवायचो. अकरापैकी नऊ, आणि बाकी दोघींचं कारण सापडलेलं. असं असताना एका माणसावरून सगळं सोडायचं हे कोणत्या हिशेबात बसतं, असं विचारायचो. “बकरी म्हंजे माणूस नाई, बापू,” तू म्हणायचास. मी म्हणायचो, मग उरलेले दोन स्क्रू मला दे, मी पुन्हा तपासतो. त्यावर तू वही माझ्याकडे फिरवून त्या ओळीवर बोट ठेवायचास. थेंब पसरला होता, तूच वाच. आणि मी गप्प बसायचो. लिहिलेल्या आकड्यापुढे मी नेहमीच गप्प बसतो, हे शाळेपासून तुला माहीत होतं. माझ्या त्या सवयीचा तू माझ्यावरच उपयोग केलास. एकदा तर मी तुला भित्रा म्हणालो, रखमाबाईंच्या देखत. तू चहा ओतत होतास. ओतत राहिलास.

तुझ्या चौदाव्या दिवशी रखमाबाई आमच्या घरी आल्या. वही माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, “बापूभाऊ, एक गोष्ट दोन वरसं पोटात घेऊन राह्यली मी. आता मले पेलत नाई.” पट्टी काढली त्याच दुपारी तू डब्यातून उरलेले दोन स्क्रू काढलेस आणि त्यांवर पाणी टाकलंस. थेंब उभा राहिला. दुसऱ्यावरही उभा राहिला. तू स्क्रू बोटांत चोळलास, हुंगलास आणि त्यांच्या नाकाजवळ धरलास. इथल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. कात्र्यांना तेल लावा असं त्यांनीच मला सांगितलं होतं, म्हणून त्या रडायला लागल्या. तू त्यांना गप्प केलंस आणि म्हणालास, बापूले सांगू नका, तो मोजणं सोडून देईन. मग स्क्रू सोड्याने धुतलेस, वही ओढलीस आणि ‘पसरला’ लिहिलंस.

तो मोजणं सोडून देईन, म्हणे. भास्कर, मी सोडलं असतं. आठ दिवस सोडलं असतं. बायकोशी बोललो नसतो, जेवलो नसतो, तुझ्या दाराशी येऊन परत गेलो असतो. नवव्या दिवशी आत येऊन वहीत आणखी एक रकाना आखला असता, ‘तेल’. एवढं तू मला ओळखत नव्हतास? एका बाकावर आठ वर्षं बसून?

तू माझी लाज झाकलीस, रखमाबाईंचीही झाकलीस आणि दोष स्वतःच्या कामावर ओढून घेतलास. त्यात माया होती हे मला कळतं. पन्नाशीला आलेल्या माणसाला कोणी असं पोटाशी धरत नाही, हेही कळतं. पण त्या ओळीनंतर दोन पावसाळे गेले. पाय मोडलेले किती आले ते मला माहीत आहे, कारण मी मोजले. सात. त्यांतले तिघे कन्नासारखेच, तिरक्या मोडीचे, प्लास्टरात न टिकणारे. त्यांतली एक बाई होती, तेंदूपाने तोडायला जाणारी. ती आता काठी घेऊन चालते. डबा कपाटाच्या मागे होता आणि धातू निर्दोष होता. हे तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. माझी चूक एका पायाची. तुझ्या मायेने तीन आणखी घेतले. हा हिशेब मी पाचदा करून पाहिला, दुसरं उत्तर येत नाही. तू समोर असतास तर काहीतरी हसून बोलला असतास आणि मी अर्धा राग विसरलो असतो. तू नाहीस, म्हणून पुरा राग माझ्याजवळ पडून आहे.

तुझी ओळ मी खोडली नाही. वहीत खोडायचं नाही, हाही आपलाच नियम. तिच्याखाली माझ्या हाताने लिहिलं: ‘वरील नोंद खरी नाही. थेंब उभा राहिला. पट्टी व स्क्रूंना टोरीचे तेल लावले होते. लावणारा मी.’ खाली सही केली. रखमाबाईंचं नाव घातलं नाही. फडकं माझ्या हातात होतं. डेपोतल्या कारकुनाकडून तुझ्या मित्राला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं, धातू चांगला आहे, पृष्ठभागही चांगला आहे, चूक आमच्या हाताची. बकऱ्यांचे आकडे सोबत जोडले. तुझ्या जागी नवे डॉक्टर येणार आहेत म्हणे. डबा कपाटाच्या मागून काढून मी वहीसकट टेबलावर ठेवला आहे.

एवढं करून मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही, कारण पाय माझा नव्हता. म्हणून गेल्या आठवड्यात कन्नाकडे गेलो. नदीपर्यंत सायकल, पुढे पायी. तो मांडवाखाली दोरी वळत बसला होता, आखडलेला पाय समोर लांब सोडून. त्याच्या बायकोने तुंब्यातलं पाणी दिलं. ते पिऊन होताच मी सांगायला सुरुवात केली, पाणी उतरण्याआधीच. एकदा सांगितलं. त्याला नीट कळलं नाही असं वाटून दुसऱ्यांदा सांगितलं, फडकं कसं फिरवलं ते हाताने दाखवून.

तो दोरी वळत राहिला. मग विचारलं, तेल कोणतं. टोरीचं, मी म्हणालो. त्याने मान हलवली. तो आपल्या कुऱ्हाडीला तेच लावतो.

“डाक्टर तर म्हने, त्याची चूक,” तो म्हणाला. “पाय जुळला तवाच सांगून गेलता.”

मग त्याने मला उठवून घरामागच्या शेतावर नेलं. डोंगरउताराचं लहानसं शेत, भोवती बांबूचं कुंपण. आता त्याला डोंगर चढून बांबू तोडता येत नाही आणि कुंपण नसेल तर रानडुकरं पीक ठेवत नाहीत. दोन वर्षं पेरणीआधी तू येऊन तीन-तीन दिवस बांबू तोडलेस आणि कुंपण बांधून दिलंस, असं त्याने सांगितलं. मला तू त्या दिवसांत दौऱ्यावर असल्याचं सांगायचास. मी जवळ जाऊन पाहिलं. बांबू बांधलेल्या सालीच्या गाठी माझ्या ओळखीच्या होत्या. जखमेचा टाका बांधताना तू जशी दुहेरी पीळ देऊन गाठ मारायचास, तशाच, एकामागून एक, सगळ्या उतारावर. मी तिथे बसलो. राग आला की रडू आलं हे सांगता येत नाही, दोन्ही एकाच वेळी येतात हे मला माहीत नव्हतं.

कन्ना माझ्या मागे उभा होता. त्याच्या आवाजात ना राग होता, ना समजूत.

“चूक डाक्टरची होती तं डाक्टर येत होता,” तो म्हणाला. “आता तुयी हाय म्हनतं. मंग तू कर. खालची बाजू पडली हाय.”

मी डेपोत चार दिवसांची रजा सांगितली. पहिले दोन दिवस बांबू तोडले, तळहातांची सालं निघाली. तिसऱ्या दिवशी जुनं मोडकं काढलं. तुझ्या गाठी हाताने सुटत नव्हत्या, विळ्याने कापाव्या लागल्या. त्या कापताना मी तुला मोठ्याने शिव्या दिल्या. कन्नाची बायको कामावरून वर बघायला लागली आणि कन्नाने तिला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, ते मला कळलं नाही. दोन पावसाळे माझं काम तू केलंस आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. माझी चूक माझ्याकडून काढून नेलीस, आणि तिच्याबरोबर ती भरून काढायची पाळीही.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत कुंपण उभं राहिलं. माझ्या पावलांनी तीनशे चाळीस. कन्ना काठी टेकत, पाय ओढत, सगळं कुंपण फिरून आला. दर दहा पावलांवर थांबून बांबू हलवून बघत होता. खालच्या कोपऱ्यात थांबला, एक बांबू धरून हलवला, पुन्हा हलवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“इथी ढिलं हाय, मोजणीबाबू.”

एवढं तुला म्हणता आलं नाही, भास्कर. मी खाली गेलो, ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.